चंचल मूल : वय, वृत्ति कीं व्याधि?

वर्गांत धडा चालू असतां ज्याची नजर फळ्यावरून उठून खिडकीबाहेर जाते, ज्याचे हातपाय क्षणभर स्वस्थ राहत नाहींत, प्रश्न पुरता विचारला जाण्यापूर्वींच जें उत्तर देऊन मोकळें होतें आणि ज्याची वही, पेन्सिल किंवा डबा यांपैकीं एक तरी वस्तु रोज शाळेंत राहते, असें एखादें मूल नाहीं अशी शाळा शोधूनहि सांपडणार नाहीं. पूर्वीं अशा मुलाला द्वाड, उनाड, धांदरट हीं विशेषणें मिळत आणि त्यांबरोबर छडीहि मिळे. आज त्याच मुलाला एका विकाराचें नांव मिळतें, आणि पुष्कळदां त्या नांवाबरोबर गोळीहि मिळते. छडी गेली हें चांगलेंच झालें. परंतु तिच्या जागीं आलेली गोळी प्रत्येक वेळीं योग्य त्याच मुलाच्या हातीं पडते काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विकाराचें नांव अवधानाची उणीव व अतिचंचलता असें आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ए. डी. एच. डी. असें म्हणतात. अमेरिकेंत यावरून गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें वाद चालू आहे. १९७० सालीं ओमाहा शहरांतील शाळकरी मुलांना वर्तन सुधारण्यासाठीं औषधें दिलीं जातात असें वृत्त वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालें, तेव्हां त्या देशाच्या लोकसभेंत त्याच वर्षीं त्याची चौकशी झाली. तेव्हांपासून दोन पक्ष समोरासमोर उभे आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, बालपणाच्या स्वाभाविक खोडकरपणाला रोगाचा शिक्का मारून निरोगी मुलांना औषधें चारलीं जात आहेत. दुसरा म्हणतो कीं, हा विकार खरा आहे, तो न ओळखल्यामुळें असंख्य मुलांचें आयुष्य फुकट जातें, आणि औषधाविरुद्धची ओरड ही अज्ञानाची ओरड आहे. दोन्ही बाजूंस विद्वान् आहेत. म्हणून त्यांपैकीं कोण मोठ्यानें बोलतो तें न पाहतां पुरावा काय सांगतो तें पाहणें बरें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हें मूल आजच्या काळानें किंवा आजच्या यंत्रांनीं निर्माण केलेलें नाहीं. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें १७९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मनाच्या अशा अस्थिरतेचें वर्णन आहे. हाइनरिख होफमन या फ्रांकफुर्टच्या डॉक्टरानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या मुलासाठीं जें चित्रमय पुस्तक रचलें, त्यांत जेवणाच्या मेजाशीं खुर्ची मागेंपुढें झुलवीत अखेर मेजावरच्या कापडासकट सर्व भांडीं अंगावर ओढून घेणारा एक फिलिप आहे. १९०२ सालीं जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ञानें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशिअन्समध्यें व्याख्यानें देऊन असें प्रतिपादन केलें कीं, कांहीं मुलांची बुद्धि उत्तम असूनहि त्यांना स्वतःला आवर घालतां येत नाहीं, आणि हा दोष आईबापांच्या लाडांचा नसून प्रकृतीचा असावा.

औषधाची कथा मात्र योगायोगाची आहे. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या एका रुग्णालयाचे प्रमुख होते. मेंदूचें क्ष-किरण चित्र घेण्यासाठीं त्या काळीं पाठीच्या कण्यांतील पाणी काढीत, आणि त्यामुळें मुलांना तीव्र डोकेदुखी होई. तीवर उपाय म्हणून त्यांनीं बेन्झेड्रिन हें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. डोकें फारसें राहिलें नाहीं. पण मुलें एकाएकीं अभ्यासाला लागलीं. १९३७ सालीं त्यांनीं ३० मुलांवरील निरीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं १४ मुलांच्या शालेय कामांत आश्चर्यकारक सुधारणा झाली होती. मुलें स्वतःच त्या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणूं लागलीं. पुढें १९४४ सालीं स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या लेआंद्रो पानित्सोन या रसायनज्ञानें मेथिलफेनिडेट हें द्रव्य तयार केलें, आणि त्याची पत्नी रीता हिच्या नांवावरून त्याला रिटालिन असें नांव मिळालें. उत्तेजक औषधानें चंचल मूल शांत व्हावें हें वरकरणीं विपरीत वाटतें. परंतु मेंदूचा जो भाग मनाला आवर घालतो त्यालाच या औषधानें बळ मिळतें, असा त्याचा उलगडा केला जातो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हा विकार ओळखतात कसा? हिवतापाचा जंतु रक्ताच्या थेंबांत दिसतो, मोडलेलें हाड चित्रांत दिसतें. येथें तशी कोणतीच परीक्षा नाहीं. अमेरिकेच्या मानसरोगतज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निदानग्रंथाच्या पांचव्या आवृत्तींत अवधानाच्या उणीवेचीं नऊ आणि अतिचंचलतेचीं व उतावळेपणाचीं नऊ लक्षणें दिलीं आहेत. यांपैकीं कोणत्याहि एका गटांतील सहा लक्षणें मुलामध्यें सहा महिने टिकून असावींत, वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीं त्यांपैकीं कांहीं दिसलेलीं असावींत, घर व शाळा यांसारख्या निदान दोन ठिकाणीं तीं आढळावींत, आणि त्यांमुळें मुलाच्या जीवनक्रमांत खरोखर अडथळा येत असावा, असा नियम आहे. २०१३ पूर्वीं बाराच्या जागीं सात वर्षांची मर्यादा होती. विकाराचें नांवहि १९६८, १९८० आणि १९८७ सालीं निरनिराळें झालें. प्रत्येक वेळीं व्याख्येचें कुंपण थोडें हललें, आणि कुंपण हललें कीं आंत येणाऱ्यांची संख्याहि बदलते.

त्या यादींतील प्रत्येक लक्षणाच्या आरंभीं एक शब्द आहे: वारंवार. मूल वारंवार चुळबूळ करतें, वारंवार वस्तु हरवतें, वारंवार मध्येंच बोलतें. पण वारंवार म्हणजे किती वेळां? आणि कोणाच्या मानानें? वर्गांत बसलेल्या शिक्षकाची किंवा बाईंची तुलना साहजिकच त्याच वर्गांतील इतर मुलांशीं होते. या साध्या गोष्टींत केवढा घोटाळा दडलेला आहे, हें जन्ममहिन्यांच्या पाहणींनीं उघडकीस आणलें.

अमेरिकेंतील अनेक संस्थानांत, १ सप्टेंबरपर्यंत पांच वर्षें पुरीं झालेल्या मुलाला त्या वर्षीं शाळेंत घेतात. म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस जन्मलेलें मूल वर्गांत सर्वांत लहान ठरतें, आणि सप्टेंबरच्या आरंभीं जन्मलेलें पुढच्या वर्षीं येऊन आपल्या वर्गांत सर्वांत मोठें ठरतें. २०१८ सालीं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्यें एक पाहणी प्रसिद्ध झाली. तींत अशा संस्थानांतील चार लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासली होती. ऑगस्टांत जन्मलेल्या दर १०,००० मुलांत सुमारें ८५ जणांना हा विकार असल्याचें निदान झालें होतें, आणि सप्टेंबरांत जन्मलेल्यांत सुमारें ६४ जणांना. हा फरक शेंकडा ३४ चा होतो. औषध घेणाऱ्यांच्या संख्येंतहि असाच फरक दिसला. जेथें १ सप्टेंबरची मर्यादा नव्हती तेथें हा फरक आढळला नाहीं. कानडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत प्रवेशाची मर्यादा ३१ डिसेंबर असल्यामुळें तेथें सर्वांत लहान मुलें डिसेंबरचीं. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या पाहणींत, डिसेंबरांत जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारींत जन्मलेल्यांपेक्षां हा शिक्का बसण्याचें प्रमाण शेंकडा ३० नीं आणि मुलींत शेंकडा ७० नीं अधिक आढळलें.

रोग कांहीं शाळाखात्याचें परिपत्रक वाचून येत नाहीं. ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील मुलें आजारी पडावींत आणि डिसेंबर महिन्यांत कानडांतील, असें निसर्गांत घडत नाहीं. याचा अर्थ एकच कीं, जीं मुलें केवळ वयानें लहान होतीं त्यांतील कांहींना रोगी ठरविण्यांत आलें. सहाव्या वर्षीं अकरा महिन्यांचें अंतर म्हणजे आयुष्याचा सुमारें सातवा हिस्सा. उलट, डेन्मार्कमध्यें कोवळ्या मुलाला एक वर्ष थांबवून शाळेंत घालण्याची पद्धति रूढ आहे. तेथें २०१४ च्या पाहणींत असा फरक जवळजवळ दिसलाच नाहीं.

महाराष्ट्रांतील जुन्या शाळांत जन्माचा दाखला नसला कीं मास्तर अदमासानें वर्ष ठरवून १ जून ही तारीख लिहून टाकीत, आणि त्यामुळें हजारों लोकांचा जन्मदिन आजहि कागदोपत्रीं एकच आहे. तेव्हां मुलाचें खरें वय कागदावर उतरत नसे. आज तें दिवसासकट उतरतें. पण तें पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

अतिरेकाचा आरोप करणाऱ्यांजवळ आणखीहि आधार आहे. अमेरिकन सरकारच्या पाहण्यांप्रमाणें तेथील शाळकरी वयाच्या मुलांत हें निदान झालेल्यांचें प्रमाण २००३ सालीं शेंकडा ७.८ होतें, तें २०११ सालीं शेंकडा ११ झालें, आणि २०२२ सालीं तीन ते सतरा वर्षांच्या मुलांत शेंकडा ११.४ म्हणजे सुमारें सत्तर लाख मुलें असा आंकडा आला. परंतु निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून, एकच कसोटी लावून पाहिलें असतां तीस वर्षांत मूळ विकाराचें प्रमाण वाढल्याचें दिसत नाहीं, असा निष्कर्ष २०१४ सालीं निघाला. विकार वाढला नाहीं आणि निदान वाढलें, तर त्या वाढीचा हिशेब कोठें तरी लागला पाहिजे. ज्यांच्या नांवाची प्रश्नावली शिक्षक व पालक जगभर भरून देतात त्या कीथ कॉनर्स यांनींच २०१३ सालीं या वाढीविषयीं जाहीर चिंता व्यक्त केली. निदानग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीचें काम ज्यांच्या अध्यक्षतेखालीं झालें ते ॲलन फ्रान्सिस हेहि पुढें या वाढीचे कठोर टीकाकार झाले. ज्यांनीं माप तयार केलें त्यांनींच मापणाऱ्यांना सावध करावें, ही गोष्ट हलक्या हातानें बाजूस सारण्यासारखी नाहीं.

येथें एक युक्तिवाद नेहमीं केला जातो: गोळी दिली, मूल सुधारलें, अर्थात् त्याला रोग होताच. हा युक्तिवाद फोल आहे. १९७८ सालीं अमेरिकेंत कोणताहि विकार नसलेल्या मुलग्यांना असेंच उत्तेजक औषध देऊन पाहिलें, तेव्हां त्यांचीहि चुळबूळ कमी झाली आणि अवधान वाढलें. चष्म्यानें दिसूं लागलें तर दृष्टि अधू होती असें म्हणतां येईल. चहा घेऊन तरतरी आली म्हणून तो मनुष्य रोगी होता असें कोणी म्हणत नाहीं.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, तर मग हा विकार म्हणजे डॉक्टरांची व औषधवाल्यांची कल्पनाच! असें म्हणणाराहि तितकाच चुकेल. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असें दिसून आलें आहे कीं, हा विकार फार मोठ्या प्रमाणांत आनुवंशिक आहे. २००७ सालीं मेंदूच्या चित्रांवरून केलेल्या एका अभ्यासांत मेंदूच्या बाह्य थराची वाढ अशा मुलांत सरासरीनें तीन वर्षें मागाहून पुरी होतांना दिसली. २०१५ सालीं डेन्मार्कमध्यें एकोणीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यांत हा विकार असलेल्यांचा अकालीं मृत्यु इतरांच्या सुमारें दुप्पट प्रमाणांत झाल्याचें आढळलें. आणि त्या मृत्यूंचें प्रमुख कारण अपघात हें होतें. रस्ता ओलांडतांना ज्याचें लक्ष क्षणभरहि ठरत नाहीं त्याची चंचलता ही कौतुकाची बाब नव्हे.

शिवाय, जेथें निदान फार होतें तेथेंच तें पुष्कळांच्या वांट्यास येतहि नाहीं. अमेरिकेंत हें निदान मुलग्यांत मुलींच्या जवळजवळ दुप्पट होतें. मुलगी बहुधा बाक वाजवीत नाहीं. ती शांत बसून खिडकीबाहेर पाहते, आणि तिला स्वप्नाळू किंवा मंद समजून सोडून देतात. तेथील कृष्णवर्णी मुलांची लक्षणें गोऱ्या मुलांइतकींच असूनहि त्यांचें निदान कमी होतें, असें २०१३ च्या एका पाहणींत दिसून आलें. म्हणजे एकाच शहरांत, कदाचित् एकाच वर्गांत, पहिल्या बाकावरील ऑगस्टांत जन्मलेल्या मुलाला नको असलेली गोळी मिळते आणि शेवटच्या बाकावरील मुलीला हवी असलेली मदत मिळत नाहीं. निदान फार होतें कीं थोडें, हा प्रश्नच अशा रीतीनें चुकीचा ठरतो. दोन्ही गोष्टी एकदम घडतात, आणि दोहोंचें मूळ एकच आहे. तें मूळ म्हणजे घाईनें केलेलें निदान.

औषधाविषयींहि हेंच सत्य आहे. या क्षेत्रांतील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेंत झाला आणि त्याचा निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट करून चौदा महिने उपचार केले. एका गटाला काळजीपूर्वक औषध, दुसऱ्याला वर्तनशिक्षण, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथा गट गांवांतील नेहमींच्या डॉक्टरांकडे. औषधाचे दोन्ही गट पुढें गेले, हें सर्वांना ठाऊक झालें. पण ज्याची फारशी वाच्यता झाली नाहीं अशी गोष्ट ही कीं, चौथ्या गटांतील सुमारें दोन तृतीयांश मुलांनाहि औषध मिळत होतें, तरी तीं मागें राहिलीं. फरक असा कीं, पहिल्या गटांत मात्रा बारकाईनें ठरविली जाई, दरमहा डॉक्टर भेटत, आईबापांशीं बोलत आणि शिक्षकांकडून माहिती घेत. औषधाची जात एकच, निगा निराळी. आणि तीन वर्षांनंतर चारहि गटांतील अंतर नाहींसें झालें, असें २००७ सालीं जाहीर झालें. याच मुलांच्या पुढील पाहणींत दीर्घकाळ औषध घेतलेलीं मुलें मोठेपणीं उंचीस कांहींशीं कमी भरलीं, असेंहि आढळलें. भूक मंदावणें व झोंप उडणें हे त्रास तर सर्वपरिचित आहेत. म्हणजे औषध निरुपयोगी नाहीं, पण तें जादूहि नाहीं. तीव्र विकारांत तें मोठा आधार देतें. विकार सौम्य असेल तर लाभापेक्षां हानीच अधिक होण्याचा संभव असतो, असें ३३४ अभ्यास तपासून २०२१ सालीं काढलेल्या निष्कर्षांत म्हटलें आहे. अमेरिकेंतील बालरोगतज्ञांच्या संस्थेनें २०१९ सालीं दिलेल्या सूचनांप्रमाणें चार-पांच वर्षांच्या मुलासाठीं पहिला उपाय गोळी हा नसून, मुलाला कसें वागवावें याचें आईबापांना शिक्षण देणें हा आहे.

आपल्याकडील परिस्थिति थोडी निराळी आहे. मेथिलफेनिडेट हें भारतांत कायद्यानें नियंत्रित औषध आहे; तें वाटेल त्या दुकानांत मिळत नाहीं. बालमानसतज्ञ मोठ्या शहरांबाहेर थोडेच आहेत. त्यामुळें खेड्यांतील चंचल मुलाच्या नशिबीं आजहि गोळीपेक्षां टोमणे आणि मार यांचाच संभव अधिक. परंतु शहरांतील सुशिक्षित घरांत आणि शाळांत हें नांव आतां चांगलेंच रुळलें आहे. कोईमतूर येथील चार शाळांतील ७७० मुलांची पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत शेंकडा ११ हून अधिक मुलांत हा विकार सांगितला गेला. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गांत पांच-सहा! एवढ्या मुलांना खरोखर औषधोपचार हवा, कीं त्या पन्नासांच्या वर्गाला आणखी एक शिक्षक आणि खेळायला मैदान हवें, हा प्रश्न विचारल्यावांचून त्या आंकड्याला अर्थ नाहीं.

तेव्हां, शाळेंतून चिठ्ठी आली कीं तुमच्या मुलाचें लक्ष नाहीं, तर सुज्ञ पालकानें संतापूं नये आणि घाबरूंहि नये. मूल वर्गांत वयानें सर्वांत लहान आहे काय, हें प्रथम पाहावें. त्याला नीट दिसतें काय, नीट ऐकूं येतें काय, तें पुरेसें झोंपतें काय, घरांत कांहीं दुःख किंवा कलह शिरला आहे काय, हें पाहावें. हीं लक्षणें घरीं, शाळेंत, आजोळीं, सर्वत्र दिसतात, कीं एकाच तासाला व एकाच शिक्षकापुढें दिसतात, याची टिपणें ठेवावींत. शिक्षकानें जें दिसतें तें सांगावें. निदान करूं नये. इतकें करूनहि अडचण उरली तर तज्ञाकडे अवश्य जावें, त्यानें वेळ घेऊन तपासावें असा आग्रह धरावा, आणि दहा मिनिटांत रोगाचें नांव व औषधाचें नांव दोन्ही लिहून देणाऱ्याला नम्रपणें नमस्कार करून दुसरा तज्ञ पाहावा. खरा विकार ठरल्यास औषध घेण्यांत कमीपणा मानूं नये. मधुमेह झालेल्या मुलाला इन्सुलिन देतांना शेजारी काय म्हणतील हें कोणी पाहत नाहीं.

अर्जुनासारख्या वीरानेंहि आपलें मन वाऱ्यासारखें आवरण्यास कठीण आहे अशी तक्रार केली, आणि ती तक्रार श्रीकृष्णांनीं खोटी म्हटली नाहीं. अभ्यासाचा मार्ग सांगितला. लहान मुलाची तक्रार तर त्याला बोलूनहि दाखवितां येत नाहीं. तें ती चुळबुळीनें सांगतें. ती चुळबूळ वयाची आहे, वृत्तीची आहे कीं व्याधीची, हें ठरवायला थोडा वेळ आणि पुष्कळ धीर लागतो. लक्ष देण्याची शक्ति मुलांत कमी पडते कीं मोठ्यांत, याचा निवाडाहि त्या वेळांत होऊन जातो.